मिनी ट्रॅक्टरचा इलेक्ट्रिक फॅन: मोटर ठणठणीत, अर्थिंगचा जोड गेलेला

द्राक्षबागेतल्या मिनी ट्रॅक्टरवर मारुती ८०० चा जुना फॅन चढवलाय, त्याची ही पुढची नोंद. (मूळ पंख्याची पाती तेवढी उतरवली. पट्टा ठेवावाच लागतो, वॉटर पंप आणि अल्टरनेटर त्याच्यावरच फिरतात.)

छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या आणि कटकटही. बांधावर रिकामा उभा असला तर काही नाही. फवारणीचा ब्लोअर जोडून ओळीत शिरलं की तापमानाचा काटा लालकडे. फॅन चालू व्हायचा, रिलेची (फॅनला करंट देणाऱ्या स्विचची) टिकटिकही वेळेवर. पण वाऱ्यात दम नव्हता. पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचं पान धरलं तर ओढून चिकटायला हवं, इथं ते सरळ खाली. वायरमनचा निकाल: मोटर बसली, नवीन टाका.

बॅटरीवरून जाड वायरनं डायरेक्ट दिला, तर फॅन असा सुटला की पान जाळीवरून सोडवावं लागलं. म्हणजे मोटरीत खोट नाही. फॅनच्या प्लगवर टेस्ट लॅम्पही लख्ख पेटायचा, पण त्यावर विसंबू नका. बल्बला अर्धा अँपिअरही लागत नाही, फॅन आठ-नऊ ओढतो. कुजक्या जोडातून बल्ब पेटतो, फॅन नुसता रेंगाळतो.

म्हणून माप फॅन चालू ठेवूनच घ्यायचं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट, फॅनच्या प्लगवर १०.१. मग मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी फॅनच्या प्लसवर, म्हणजे त्या वाटेत किती व्होल्ट गळतात ते कळतं: ०.५. तसंच मायनस ते मायनस: ३.३! चोर सापडला.

अर्थचा, म्हणजे फॅनच्या मायनस वायरीचा, लग (टोकाची धातूची कडी) रेडिएटरच्या ब्रॅकेटला कसलेला होता. बोल्ट खोलला तर वॉशरखाली हिरवट पापुद्रा, आणि बोल्टच्या आट्यांवर चक्क तांबूस थर. बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) फवारणाऱ्यांना हा थर नवा नाही. चुना कमी पडलाय का हे बघायला आपण मिश्रणात विळा बुडवतो, तेव्हा पात्यावर चढतं तेच हे तांबं. मोरचूद लोखंड खातो आणि तांबं मागं ठेवतो. ब्लोअरचा फवारा वाऱ्यानं पुढं येतो, वायरिंगवर बसतो. त्यात रेडिएटर रबरी बुशवर, त्यामुळे करंटला परतायला ब्रॅकेटच्या त्या रंगवलेल्या बोल्टांशिवाय वाटच नाही.

ब्रॅकेटचा नाद सोडला. ४ चौरस मिमीची वेगळी वायर फॅनपासून थेट बॅटरीच्या मायनसला नेली, लग दाबून वर सोल्डर केला, टोकाला ग्रीस. आता मायनस बाजूला ०.१ आणि फॅनला १३.२ व्होल्ट. भर दुपारी ब्लोअर चालवला, काटा मधल्या खुणेवर थांबला.

प्लस बाजूची गळती मात्र ०.५ वरून ०.६ व्होल्ट झाली. साहजिक आहे, फॅन आता जास्त करंट ओढतोय. ही गळती बहुतेक रिलेच्या बेसमध्येच होते. फॅन थोडा वेळ चालला की रिलेची ८७ नंबरची (फॅनकडे जाणारी) पिन बोटाला चटका देते. बेस बदलतोय, सिरॅमिकचा मिळाला तर तोच टाकेन.