पिग्मी नाकतोडे, चौथा महिना: रंग सोडला, डोळे मोजायला लागलो

दोनशेच्या वर फोटो झाले, त्यातले जातीपर्यंत खात्रीने पोचले फक्त अकरा. तरी समाधान आहे, कारण मागच्या नोंदीतल्या माझ्या 'चार जाती' मीच खोडल्या. एक तपकिरी, एक पाठीवर पांढरा पट्टा असलेला, एक काळ्या ठिपक्यांचा, एक हिरवट. एकाच ओल्या कातळावरचे हे चौघे एकाच जातीचे निघाले. टेट्रिजिडी, म्हणजे या पिग्मी नाकतोड्यांच्या कुळात एका जातीतच रंगांची एवढी सरमिसळ असते, की ओळखताना रंग बाजूलाच ठेवावा.

लांबीनेही फसवलं. छातीवरची ढाल, म्हणजे प्रोनोटम, पोट झाकत मागे गेलेली असते, ही या कुळाची मुख्य खूण. ती गुडघ्यांपलीकडे गेली की जात वेगळी, असं मी धरून चाललो होतो. पण बऱ्याच जातींत आखूड आणि लांब, दोन्ही ढालींचे नाकतोडे असतात. लांबवाल्यांचे मागचे पंख सहसा पूर्ण वाढलेले असतात, एवढाच फरक.

म्हणून आता पहिला फोटो बरोबर वरून, डोकं फोकसमध्ये ठेवून. दोन डोळ्यांमधली जागा एका डोळ्याच्या किती पट, ते त्यावरून मोजतो. युरोपातल्या टेट्रिक्स सबुलाटा या जातीत ती साधारण दीडपट किंवा जास्त, टेट्रिक्स सेपेरोईत त्याहून अरुंद. एरवी दोघं सहज गोंधळात पाडतात. मग बाजूने: ढालीचा मधला कणा सपाट की उंच, मधल्या पायाच्या मांडीची कड सरळ की लाटेसारखी. ढालीच्या बाजूंना काटे आहेत का, तेही बघायचं. सेलिमेना किंवा क्रायोटेटिक्स या वंशांतला असेल तर ते चटकन दिसतात.

काल काठावरच्या चिखलात एक सापडला, जेमतेम सेंटिमीटरभर. मी वाकताच पाण्यात उडी, आणि मागचे पाय मारत सरळ पलीकडच्या दगडावर! तिथे मात्र शेवाळ खात निवांत बसला. सात फोटो मिळाले. ढालीचा कणा कमानीसारखा उंच दिसला आणि मी हरखलो. घरी मोठं करून पाहिलं, तर ढालीखाली बाजूला पुढच्या पंखाचा छोटा खवला कुठेच नाही. म्हणजे पिल्लू होतं. पिल्लांचा कणा उंचच असतो, त्यावरून जात ठरवायची नाही.

नोंद 'टेट्रिजिडी, पिल्लू' एवढीच ठेवली आहे. त्याच दगडावर तीन आठवड्यांनी परत जाणार.