कोपरावर उडणारी काडी

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी भूल द्यायला तालुक्यातल्या छोट्या-छोट्या हॉस्पिटलांत फिरायचे. स्कूटीच्या डिकीत लॅरिंगोस्कोप, ट्यूबा आणि पेंटोथाल, म्हणजे शिरेतून द्यायचं भुलीचं औषध. त्या दिवशी पित्ताशयाचे खडे काढायचे होते. पेशंट पन्नाशीतले शेतकरी काका, अंगाने काटक, बीपी १५०/९०.

डाव्या कोपराच्या खळग्यात इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत ठेवायची बारीक नळी, आधीच लावलेली होती. "शीर एकदम मस्त मिळाली मॅडम," सिस्टर म्हणाल्या, "पण सलाईनच पळत नाही. काका सारखा हात वाकवतात." काका कसनुसं हसले.

५०० मिलिग्रॅम पेंटोथाल २० मिलीत विरघळवून सिरिंज तयार होती. ती जोडायला हात पुढे केला आणि सलाईनच्या नळीकडे लक्ष गेलं. वीतभर रक्त उलटं चढलं होतं. बाटली खाली असली की असं होतं, म्हणून ती स्टँडच्या टोकाला नेली. रक्त खाली उतरेना. उलट जागच्या जागी वर-खाली होत होतं, मनगटातल्या नाडीच्या ठेक्यावर.

शिरेतला दाब इतका कमी असतो की बाटली हातभर वर टांगली तरी सलाईन आत उतरतं. मीटरभर उंचीवरच्या पाण्याचा दाब जेमतेम ७४ मिलिमीटर पाऱ्याइतका भरतो. पण ही इंट्राकॅथ शिरेत नव्हे, धमनीत गेली असावी, आणि या काकांच्या धमनीत सरासरी ११० असणार. म्हणजे बाटली हरणारच होती, हात सरळ असो की वाकडा.

मी सिरिंज ट्रेमध्ये दूर सरकवली. नळी सुटी करून इंट्राकॅथचं तोंड गॉजवर धरलं, तर लालभडक रक्ताची चिळकांडी, ठोक्याठोक्याने. मग कोपराच्या घडीवर दोन बोटं हलकेच टेकवली. कातडीखाली लगेच दोरीएवढी नळी धडधडत होती, तिरकी, करंगळीच्या बाजूला निघालेली.

फर्स्ट इयरला डिसेक्शन हॉलमध्ये पाठ केलेलं असतं : दंडातली ब्रेकियल धमनी कोपराच्या जरा खाली दुभंगते, तिची करंगळीच्या बाजूची अल्नार शाखा स्नायूंच्या खाली खोल बुडी मारते. पुस्तकातला हात तसा असतो. शंभरातल्या काही जणांत मात्र ही अल्नार दंडातच, कधी पार काखेत फुटते आणि स्नायूंच्या वरून, कातडीला लागून मनगटापर्यंत जाते. गर्भात हाताच्या रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. त्यातल्या काही वाटा रुंद होतात, बाकीच्या मिटतात. कुणाची एखादी भलतीच वाट उघडी राहते. हात अगदी उत्तम चालतो, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. सिस्टरांना तरी दोष कसा द्यावा? जिथे हमखास शीर मिळते, तिथेच ही धमनी बसली होती, आणि दंडाला टुर्निकेटचा पट्टा बांधल्यावर ठोका तसाही मंदावतो.

पेंटोथाल शिरेत गेलं तर रक्तात पातळ होत हृदयाकडे जातं. धमनीत गेलं तर उलट बोटांकडे, दर वळणाला अधिक बारीक होणाऱ्या नळ्यांत. तिथे त्याचे स्फटिक बनतात, नळ्या आवळतात, रक्त गोठतं. बोटं काळी पडू शकतात. अँटिबायोटिक टेबलावरच द्यायचं ठरलं होतं, त्यामुळे तोपर्यंत आत फक्त सलाईन गेलं होतं, तेही थोडंसंच. आमचं नशीब!

सर्जन हात धुऊन आले आणि काय झालं म्हणून बघायला लागले. मी त्यांना थांबायला सांगितलं, उजव्या हाताच्या पाठीवर नवी सुई लावली, डाव्या कोपरातली काढून दहा मिनिटं स्वतः दाबून धरली. ऑक्सिमीटर डाव्या करंगळीला लावला. मोठीशी रेघ उमटली तेव्हा कुठे मला घाम आल्याचं कळलं.

दाबून धरलेलं असताना काका म्हणाले, "मॅडम, ती शीर तर लहानपनापासनं उडती. गुरं राखताना आमी तिच्यावर काडी ठिवून नाचवायचो."

"अहो, मग सिस्टरना सांगायचं ना!"

"मला वाटलं, समद्यांचीच उडती."

ऑपरेशन नीट पार पडलं. तिसऱ्या दिवशी राउंडला गेले. काकांना मूठ घट्ट वळायला लावून मनगटातल्या दोन्ही धमन्या दाबल्या. मूठ उघडल्यावर तळवा पांढराफटक. फक्त अल्नार सोडली, पाचेक सेकंदांत तळवा लाल. म्हणजे तीही चालू होती. मग केसपेपरवर लाल शाईने लिहिलं, शिवाय एका जाड कागदावर मराठीत वेगळं : 'डाव्या कोपरात सुई टोचू नये. इथे धमनी वर आहे.' काकांनी तो घडी करून रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये सारला.

तोवर सिस्टरांनी केरसुणीची एक काडी मोडून आणली होती. डाव्या कोपरावर ठेवली, तर ती खरंच टकटक उडायला लागली. शेजारच्या खाटांवरचे पेशंट माना उंचावून बघत होते. काकांनी मोठ्या हौसेने उजवा हातही पुढे केला. तिथे काडी नुसती पडून राहिली. काका जरा हिरमुसलेच.