परवीनच्या पाकिटात

२२ जानेवारी २००५. तारीख लक्षात राहिली ती परवीन बाबीमुळे आणि वार लक्षात राहिला तो आमच्या न्यूज एडिटरमुळे. शनिवार होता. रविवारचा अंक म्हणजे साहेबांच्या लेखी लग्नाची पंगत. पान एकवर काही कमी पडतंय असं वाटलं की ते वाढप्यासारखे डेस्कमधून फेऱ्या मारत सुटायचे. मी संध्याकाळी सहाला पोचलो तेव्हा फेऱ्या सुरू झालेल्या होत्या.

बडोद्यातल्या एका गुजराती दैनिकात मी तेव्हा उपसंपादक होतो. घरात मराठी, जिन्याखाली उतरलं की गुजराती आणि समोरच्या कॉम्प्युटरवर एजन्सीचं इंग्रजी. दांडिया बाजारात वाढलेल्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही. एजन्सीची कॉपी घ्यायची, गुजरातीत उतरवायची, हेडिंग द्यायचं आणि पानात बसवायची, इतकंच काम.

"जूनागढनी छे," साहेब म्हणाले. "आपली बातमी आहे. तीन कॉलम, वर दोन कॉलमी फोटो, शेजारी आयुष्याची चौकट. चौकट तू लिही, तुला सिनेमाचं कळतं." मला सिनेमाचं कळतं हा साहेबांचा गैरसमज होता. मी फक्त रात्रपाळी नसेल तेव्हा शेवटचा खेळ बघायचो.

बातमी जुहूची. परवीन तिच्या फ्लॅटमध्ये मृतावस्थेत सापडली होती. दाराबाहेर दोन-तीन दिवसांच्या दुधाच्या पिशव्या आणि पेपर तसेच पडून होते, त्यावरून सोसायटीच्या लोकांना शंका आली आणि त्यांनी पोलिसांना कळवलं. ती ओळ गुजरातीत उतरवताना 'छापां' हा शब्द टाइप केला आणि माझा हात थांबला. पेपर दारात पडला की आमचं काम संपलं, असंच आम्ही धरून चालायचो. पुढे तो कुणी उचलला का, हे बघायला कोण जातं?

चौकटीसाठी लायब्ररीत गेलो. लायब्ररी म्हणजे जिन्याखालची खोली. लायब्रेरियनबाई सहाला घरी जायच्या आणि किल्ली खिळ्याला टांगलेली असायची. उत्तरायण होऊन आठवडा झाला होता, खिडकीबाहेरच्या वायरींवर फाटके पतंग अजून लटकत होते. परवीन बाबीची कात्रणांची फाइल चांगली जाड निघाली. बरं वाटलं. उघडली, तर तीन पुरुष, कुणाबरोबर कधी राहिली, कुणाशी कधी बिनसलं. मग आजार. मग तिनं कुणाकुणावर काय काय आरोप केले. पेपरांनी तिला स्किझोफ्रेनिया असल्याचं छापलं होतं आणि तिनं ते कधीच मान्य केलं नव्हतं. मग वाढलेलं वजन. एका कात्रणात तर नुसतं वजनच होतं. सिनेमातल्या कामाबद्दलची कात्रणं मोजली. तीन.

जन्मसाल कुठे १९४९, कुठे १९५४. तारीख मात्र सगळीकडे ४ एप्रिल. साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "वय घालूच नको."

जुळवाजुळव करून चौकट झाली. जुनागढच्या नवाबांशी नातं असलेल्या बाबी घराण्यात जन्म. आईवडिलांची एकुलती एक, तीही लग्नानंतर चौदा वर्षांनी झालेली. वडील लहानपणीच गेले. शिक्षण अहमदाबादला, सेंट झेवियर्स कॉलेजात. १९७२ मध्ये मॉडेलिंग सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी बी. आर. इशारांच्या 'चरित्र'मध्ये नायिका. नायक क्रिकेटपटू सलीम दुराणी. सिनेमा पडला. दुराणी मैदानावर परतले, ही राहिली. १९७४ ला 'मजबूर', १९७५ ला 'दीवार', आणि १९७६ च्या जुलैत 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर. हिंदी सिनेमातल्या कुणाचाच चेहरा त्याआधी तिथे आला नव्हता. म्हणजे कॅमेऱ्यासमोर नुसतं उभं राहण्यापासून तिथवर अवघी चार वर्षं! मग 'अमर अकबर अँथनी', 'सुहाग', 'काला पत्थर', 'शान', 'कालिया', 'नमक हलाल'. १९८३ मध्ये ऐन भरात असताना देश सोडून गेली आणि १९८९ च्या अखेरीस परतली. मधल्या काळात तिचे आधी पुरे झालेले सिनेमे पडद्यावर लागतच राहिले.

बाबी म्हटल्यावर आमच्या गावात एक जुना धागा निघतोच. १७५३ मध्ये दमाजीराव गायकवाड आणि राघोबादादा यांनी अहमदाबाद घेतलं ते जवाँमर्दखान बाबीकडून. जुनागढ, राधनपूर, बालासिनोर ही सगळी बाबींचीच संस्थानं, आणि बालासिनोर तर बडोद्याहून दोन तासांवर. हे सगळं मी हौसेनं चौकटीत घातलं होतं. साहेबांनी एका फटक्यात उडवलं. "परवीन मेली आहे, पेशवाई नाही." तेव्हा राग आला होता. बरोबरच उडवलं.

उरला फोटो. आमच्याकडे एजन्सीची बातम्यांची सेवा होती, फोटोंची नव्हती. मालकांना ती महाग वाटायची. इंटरनेटवर मिळत होते ते टपालाच्या तिकिटाएवढे, दोन कॉलमांत ताणले की फरशी बसवल्यासारखे चौकोन दिसायचे. तेव्हा पुन्हा लायब्ररी, फोटोंचं कपाट, पाकीट, त्यावर निळ्या पेन्सिलीनं 'परवीन बाबी'. आत एकच फोटो, चकचकीत, कृष्णधवल. मोकळे सरळ केस, मधोमध भांग, मान किंचित तिरकी. मागेही त्याच पेन्सिलीत तेच नाव. स्कॅनिंगला दिला, पान लागलं, साहेबांनी प्रिंटवर सही केली, निगेटिव्ह काढायला गेलं. मी चहाला गेलो. हे सगळं इतक्या बारकाईनं सांगतोय, कारण नंतर मला हे असंच लेखी द्यावं लागलं.

साडेदहाच्या सुमारास प्लेट विभागातून निरोप आला, 'मामा बोलवतायत'.

मामा म्हणजे प्लेट विभागातले जुने माणूस. नवापुऱ्यात राहायचे. अख्ख्या प्रेसचे मामा, गुजराती पोरांचेसुद्धा. तेव्हा आमच्याकडे पान कॉम्प्युटरवरून थेट प्लेटवर जात नसे. आधी पानाची पारदर्शक निगेटिव्ह निघायची. ती काचेच्या टेबलावर खालून उजेड देऊन तपासायची, धुळीचे ठिपके ब्रशनं बुजवायचे आणि मग प्लेट. मामांनी आमचं पान टेबलावर टाकलेलं होतं, तेही त्यांच्या बाजूनं उलटं. डोकं खाली, हेडिंग तळाला.

"काय भाचे, ही कोण?"

"परवीन बाबी."

"ही झीनत आहे."

मी वाकून पाहिलं. निगेटिव्हमध्ये काळा चेहरा, पांढरेफटक केस, डोळ्यांच्या जागी उजेड. त्यात माझी सख्खी बहीण असती तरी मला ओळखता आली नसती.

"मामा, हे उलटं आहे. त्यात निगेटिव्ह."

"जबडा बघ. झीनतचा असा रुंद, चौकोनी. परवीनचं तोंड खाली निमुळतं होत जातं." त्यांनी ब्रशच्या मागच्या टोकानं काचेवर हवेतच दोन रेषा ओढल्या. "आणि उलटं म्हणशील, तर बावीस वर्षं मी चेहरे उलटेच बघितलेत."

तेव्हा मला कळलं की प्रेसमध्ये येण्याआधी मामा टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. दोन प्रोजेक्टर, कार्बनच्या कांड्या, रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात उमटणारा ठिपका. फिल्म यंत्रात चढवतात ती डोकं खाली करून, भिंग ती पडद्यावर सुलटी करतं. आणि जुनी प्रिंट तुटायची. मग तुटलेली दोन टोकं बल्बासमोर धरायची, नखाएवढ्या चौकटींमधले चेहरे जुळवायचे आणि सोल्यूशननं चिकटवायचं. पब्लिक खाली शिव्या देत असतं. अशा वेळी कोण कोणाच्या मागे हे ओळखायला चुकलं तर झीनतचं गाणं परवीनच्या तोंडी जायचं.

मी फोटो घेऊन पळतच वर गेलो. ऑपरेटरनं स्कॅन मोठा करून दाखवला आणि पाठीत घाम फुटला. १९७० ची मिस एशिया पॅसिफिक, मुंबईत धडधाकट असलेली झीनत अमान, आणि तिच्या गळ्याखाली आमचं सत्तर पॉइंटातलं हेडिंग. सोळा हजार वेळा छापायला निघालेलं.

गमतीचा भाग असा की गोंधळ माझ्या एकट्याचा नव्हता. दोघीही मॉडेलिंगमधून आलेल्या, दोघींचे केस तसेच, दोघींचं नाव घेताना लोक एकाच श्वासात घ्यायचे. लायब्ररीत कुणीतरी कधीतरी ते दोन श्वास एका पाकिटात कोंबले होते. झीनतचं पाकीट उघडलं, त्यात झीनतच होती. परवीन कुठेच नाही.

दाहोद, गोध्रा लाइनच्या टॅक्सीवाल्यांनी खाली हॉर्न वाजवायला सुरुवात केली. डाक आवृत्ती आधीच वीस मिनिटं लेट. साहेबांच्या फेऱ्या थांबल्या होत्या, आणि ते जास्त वाईट लक्षण होतं. "फोटो काढून टाक, बातमी चार कॉलम कर," ते म्हणाले. तेवढ्यात मामा जिना चढून आले. मामा वर कधी येत नसत.

"हिरोंची पाकिटं बघा ना," ते म्हणाले.

बघितली. 'अमिताभ' लिहिलेल्या पाकिटात परवीन दोनदा. 'शशी कपूर'मध्ये एकदा. एका फोटोत तिचा अर्धा खांदा कुणीतरी पूर्वीच कात्रीनं उडवलेला, अमिताभ एकटा हवा होता म्हणून. दुसरा शाबूत होता, 'दीवार'चा. ऑपरेटरनं अमिताभला कापलं आणि ती दोन कॉलमांत बसली. कडेला त्याच्या कोटाची बाही राहिली होती, ती राहूच दिली.

नवी निगेटिव्ह निघेपर्यंत मामा माझ्या खुर्चीशेजारी बसले. चौकटीत काय लिहिलंय ते विचारलं. मी वाचून दाखवली. तेव्हा त्यात पाच ओळी त्या तीन पुरुषांवर होत्या. फाइलमध्ये जे होतं तेच उतरलं होतं.

"आणि 'दीवार'वर?"

"नाव आहे की."

"नाव तर पोस्टरवर पण असतं." मामांनी चष्मा काढून पुसला. "त्याच्या आधी बारमध्ये बसणारी बाई पडद्यावर आली की खाली शिट्ट्या. ती कॅबरेवाली, नाही तर व्हिलनची. ही आली, बारमध्ये बसली, हिरोशी आपणहून बोलली, लग्न न करता त्याच्याबरोबर राहिली. पहिल्या दिवशी शिट्ट्या आल्या. मी मोजायचो, ऑपरेटरला दुसरं काम काय? दुसऱ्या आठवड्यात कमी. आणि ती मरते ना, तेव्हा चिडीचूप. मला वाटलं आवाजच गेला, मी उठून मशीन बघितलं."

साहेब घड्याळ बघत होते. मी पुरुषांच्या पाच ओळी काढल्या आणि तिथे तेवढ्याच जागेत मामांचं म्हणणं माझ्या शब्दांत घातलं, शिट्ट्या सोडून. शिट्ट्या घालायला हव्या होत्या.

गाड्या पाऊण तास उशिरा गेल्या. सोमवारी माझ्याकडून खुलासा मागितला गेला, वाया गेलेल्या निगेटिव्हचा खर्च नावावर पडला. पाकिटावर चुकीचं नाव घालणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही. मामांचं नाव मी खुलाशात लिहिलं होतं, ते वरून खोडून आलं. प्लेट विभागानं संपादकीय मजकुरात लक्ष घातलं असं रेकॉर्डवर नको होतं.

रविवारी मात्र सकाळी अकराला फोन सुरू झाले. पहिला रावपुऱ्यातून. "तुमच्या पेपरात परवीनच्या जागी झीनतचा फोटो आहे." मी म्हटलं, परवीनचाच आहे. दुसरा मांडवीतून, तेच. तिसरे गृहस्थ मराठीच निघाले आणि चांगलेच तापलेले. "अहो, मला शिकवता काय? 'दीवार' मी सात वेळा बघितलाय. ती झीनतच आहे."

संध्याकाळी खाली जाऊन मामांना हे सांगितलं. ते काचेवर वाकून ठिपके बुजवत होते. मान वर न करता म्हणाले, "सात वेळा? तिकीट काढून?"

"हो, बहुतेक."

"मग बरोबर आहे. त्याचं लक्ष अमिताभकडे असणार."