‘टक’ की ‘टकटकटक’?

कॅनडातल्या सस्काटूनला आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक गंमत दिसली. इथल्या गाड्यांना पुढून शेपूट असतं. बॉनेटच्या जाळीतून विजेचा प्लग लोंबत असतो, पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीसमोर एक खांब असतो आणि रात्री गाडी त्या खांबाला जोडून ठेवायची असते. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसवलेला ४०० वॉटच्या आसपासचा हीटर आतलं कूलंट कोमट ठेवतो. फोटो आईला पाठवला, तर तिचं उत्तर आलं : “म्हणजे म्हशीसारखी खुंट्याला बांधतात का रे?”

साधारण तसंच. पण त्या जानेवारीत माझी म्हैस खुंट्याला बांधलेली असूनही उठेना.

सकाळचे सात. इथे जानेवारीत सूर्य नऊनंतर उगवतो, त्यामुळे मिट्ट काळोख. थंडी उणे ३१. चावी फिरवली तसे डॅशबोर्डचे दिवे लागले. आणखी पुढे नेली तसे मंदावले, आणि आतून आवाज आला : टकटकटकटक. इंजिन जागचं हललं नाही. आदल्या दिवशीही हेच झालं होतं. तेव्हा शेजाऱ्याने त्याच्या गाडीवरून जम्पर केबल लावल्या आणि माझी गाडी एका झटक्यात सुरू झाली. त्यामुळे ऑफिसात सगळ्यांनी एकमताने निकाल दिला : बॅटरी गेली. एका गॅरेजने फोनवरच सांगितलं, बॅटरी तर बदलाच, कदाचित सेल्फही (इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर). आकडा ऐकून मी मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला. ही सवय तीन वर्षांत सुटलेली नाही.

मग मामांना फोन लावला. पारोळ्याजवळ हायवेला त्यांचं गॅरेज आहे. आयुष्य काळीपिवळी आणि ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेलं. इथले सकाळचे सात म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसहा, मामा हात धुवायच्या बेतात.

“काय व्हयनं भो?”

“गाडी सुरू होत नाहीये मामा.”

“धक्का मार मग.”

“ऑटोमॅटिक आहे. धक्क्याने नाही होत.”

“हां. मंग आवाज ऐकव. एकच डाव टक करस, का टकटकटक करस?”

इथे फोनने घोळ घातला. मी चावी फिरवतोय, फोन बॉनेटजवळ धरलाय, आणि मामा म्हणतायत, “तू बोलतोस तेवढंच येतंय, बाकी सगळं सामसूम.” गोंगाट समजून फोन नेमका तोच आवाज गाळत होता जो मामांना हवा होता. शेवटी व्हिडिओ काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मामांनी तो तीनदा ऐकला म्हणे, गॅरेजमधल्या पोराला पंखा बंद करायला लावून.

मामांची रीत अशी, की पाना हातात घ्यायच्या आधी गाडी काय करते ते नीट ऐकायचं. इंजिन घुर्र घुर्र फिरतंय पण पकडत नाही, तर बॅटरी आणि सेल्फ ठीक, पेट्रोल किंवा स्पार्क बघायचा. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून, टाकीतल्या पंपाचा दोनेक सेकंद गुं असा आवाज येतो का, तो कान लावून ऐकायचा. काटा खाली असेल तर आधी टाकीत पेट्रोल आहे का ते बघायचं (हसू नका, मामांकडे ओढून आणलेल्या कितीतरी गाड्यांचं निदान हेच निघालंय). चावी फिरवल्यावर अगदीच सन्नाटा असेल तर गिअर न्यूट्रलला टाकून बघायचं, कारण ऑटोमॅटिक गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये आहे असं तिथल्या स्विचने सांगितल्याशिवाय सेल्फला करंट जात नाही. दिवे लख्ख राहून एकच ‘टक’ आला तर संशय सेल्फवर. आणि दिवे मंदावून टकटकटक आलं, तर सेल्फचा सोलेनॉइड, म्हणजे त्याचा विजेवर चालणारा चुंबकी खटका, चिकटायला बघतोय पण करंट पुरत नाहीये.

“म्हणजे बॅटरीच ना?” मी म्हणालो.

“बॅटरी नाहीतर तिचा रस्ता. मीटर आण.”

बसने जाऊन मल्टिमीटर आणला. बॅटरीवर धरला : १२.५ व्होल्ट. पूर्ण भरलेली १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. मग मला गाडीत बसून चावी फिरवायला रूममेट लागला. तो लातूरचा, मामांचं अहिराणी त्याला झेपेना, म्हणून मी मधला दुभाषा. सेल्फ मारताना चांगल्या बॅटरीचा आकडाही दहाच्या आसपास घसरतो, कारण ओढ प्रचंड असते. माझा १२ च्या खाली जेमतेम आला. मामा खूष.

“बॅटरीले काहीच व्हयेल नही. तिच्याकडून कोणी काही घेतच नाहीये. आता मीटरची एक तार बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकव, दुसरी त्याच खुंटाला आवळलेल्या क्लॅम्पवर, आणि सेल्फ मार.”

हे मला आधी पटलंच नव्हतं. खुंट आणि क्लॅम्प एकमेकांना चिकटलेले, त्यांच्यात व्होल्ट कुठून येणार? लाल तारेच्या खुंटावर आकडा शून्याच्या जवळपास आला. काळ्या तारेच्या खुंटावर ४ च्या वर. म्हणजे बारातले चार व्होल्ट त्या नखाएवढ्या सांध्यातच जिरत होते. दिव्यांना लागणारा थोडासा करंट तिथून जात होता, सेल्फला लागणारा शेकडो अँपिअरचा लोंढा अडत होता.

आणि मग आदल्या दिवसाचं कोडंही सुटलं. शेजाऱ्याने जम्परचा चिमटा क्लॅम्पला लावला होता, खुंटाला नाही. त्याच्या बॅटरीचा करंट खराब सांधा ओलांडून थेट पुढे गेला आणि आम्ही सगळे समजलो, आपली बॅटरी मेली.

आधी काळी तार काढायची, मग लाल, लावताना उलट, हे मामांनी दोनदा बजावलं. दहाचा पाना रूममेटकडे निघाला. क्लॅम्पच्या आत पांढरट-हिरवट पीठ साचलेलं. “खायचा सोडा टाकून वरून कढत पाणी ओत,” मामा म्हणाले. आज्ञाधारक भाच्याने किटली आणून ओतलं. जरा वेळाने क्लॅम्पवर काचेसारखा बर्फ. मामांना व्हिडिओवर दाखवला तर ते इतके हसले की कॅमेऱ्यात नुसतं छत दिसत होतं. शेवटी पॉलिश पेपरने घासलं. हातमोजे घालून पाना धरता येत नाही, काढले तर दोन मिनिटांत बोटं आपली वाटत नाहीत. एकूण वीस मिनिटांचं काम, मला तासाभराच्या वर लागलं.

घासता घासता मामांनी एक गोष्ट सांगितली ती इथल्यांना सांगितली तरी खरी वाटत नाही. बॅटरीला मारतं ते ऊन. जळगाव-भुसावळचं मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन आतली रसायनं झपाट्याने झिजवतं. थंडी फक्त ते उघडं पाडते, कारण गारठ्यात बॅटरी देते कमी आणि घट्ट झालेलं ऑइल मागतं जास्त. म्हणून इथल्या बॅटरीवर उणे १८ अंशांना किती अँपिअर देईल तो आकडा छापलेला असतो. आणि पार उतरलेली बॅटरी थंडीत गोठूही शकते. फुगलेली दिसली तर तिला जम्पर अजिबात लावायचा नाही.

क्लॅम्प घट्ट आवळले, वरून व्हॅसलीन चोपडलं, चावी फिरवली. एका दमात सुरू. मी लगेच व्हिडिओ काढून मामांना पाठवला, वर लिहिलं, येताना तुमच्यासाठी काय आणू सांगा.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. घरी बामणोदच्या वांग्यांचं भरीत होतं, म्हणून उशीर, असं आधी लिहिलं होतं. खाली दुसरी ओळ : “इंजिन बेस. पण पट्टा चीं करस. दख.”