पडली तर पडली, पण मला लगेच सांगा

चिमी चालायला लागल्यापासून फोनवर पाळणाघराचं नाव दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा काहीच नसतं, डायपर संपलेत किंवा आज वरणभाताला तोंडच लावलं नाही एवढंच असतं, पण मधेच एखाद्या दिवशी "अहो चिमीची आई, जरा पडलीये ती" असं ऐकू येतं आणि मग समोरच्या मीटिंगमधलं एक अक्षर कानात शिरत नाही. माझं ऑफिस हिंजवडीला, पाळणाघर घराजवळ कर्वेनगरला, मधे चांदणी चौक आणि हायवे, म्हणजे पळत निघालं तरी तास कुठे गेला नाही. त्या तासात मनात काय काय येतं ते ज्यांची लेकरं पाळणाघरात आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

ऑफिसजवळच का नाही ठेवलं असं खूप जण विचारतात. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायदा बदलला, पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा झाली आणि जिथे 50 किंवा जास्त कर्मचारी आहेत तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आलं पाहिजे हेही त्यात लिहिलंय. कायदा चांगलाच आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण वर्षाच्या बाळाला रोज सकाळ संध्याकाळ त्या ट्रॅफिकमधून न्यायचं आणि आणायचं हे आम्हाला दोघांनाही नको वाटलं, शिवाय घराजवळ असलं की काही झालं तर माझी आई रिक्षाने दहा मिनिटांत पोचते. म्हणून कर्वेनगर.

परवा पडली ती अशी. सकाळची थंडी म्हणून मीच पायात मोजे घालून पाठवलेलं, तिथे छोटं प्लास्टिकचं टेबल आहे त्याला धरून ती उभी होती, पलीकडे पिवळा ठोकळा होता तो घ्यायला एक हात सोडला, टाईल्सवर मोज्याचा पाय सटकला आणि कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. हे सगळं मला पाळणाघर चालवणाऱ्या काकूंनी फोनवर सांगितलं, अगदी याच क्रमाने. लगेच भोकाड पसरलं, मावशींनी उचलून घेतलं, बर्फ रुमालात गुंडाळून लावलाय, उजव्या भुवईच्या वर सुपारीएवढं टेंगूळ आलंय, कातडी फुटलेली नाही, रक्त नाही, आता मावशींच्या मांडीवर बसून बिस्किट खातीये, फोटो पाठवते. फोटो आला. डोळे रडून लाल, हातात बिस्किट, आणि ते टेंगूळ. मला रडू आलं पण हात थरथरायचे थांबले, कारण जे झालं ते सगळं माझ्यासमोर होतं.

मग मी आमच्या बालरोगतज्ज्ञांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, किती उंचीवरून पडली? दुसरा, कशावर आपटली? लगेच रडली का मधे गप्प झाली होती? उलटी? झोपाळलेली वाटते का? टेंगूळ कपाळावर आहे का बाजूला कानाच्या वर, का मागे? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि एकही उत्तर माझं स्वतःचं नव्हतं, सगळी काकूंनी दिलेली. तेव्हा मला जे जाणवलं त्यासाठीच खरं तर हे लिहितीये. घरी पडली तर मी बघितलेलं असतं, सोफ्यावरून पडली का जागच्या जागी बसकण मारली, रडायच्या आधी किती वेळ गेला, चेहरा कसा झाला, हे डोळ्यासमोर असतं. पाळणाघरात पडते तेव्हा हे सगळं दुसऱ्या माणसाच्या डोळ्यात असतं, आणि डॉक्टर काय ठरवणार ते तो माणूस खरं आणि पूर्ण सांगतो की नाही यावर अवलंबून असतं. चौदा महिन्यांची पोर बोलून बोलून काय बोलणार, कपाळाला हात लावून "बाऊ" म्हणते, पुढचं कोण सांगणार.

डॉक्टर म्हणाले नुसतं लक्ष ठेवा, आणायची गरज नाही, नेहमीच्या वेळी झोपू दे. झोपू द्यायचं नाही असं जे आपल्याकडे सगळे सांगतात (माझ्या आत्यानेही लगेच फोन करून सांगितलं) त्याबद्दल मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाले खेळतीये, खातीये, ओळखतीये आणि तिची झोपेची वेळच झालीये तर झोपू दे की, वेळ नसताना पेंगायला लागली किंवा उठवून उठत नसेल तर मात्र तडक घेऊन या. परत परत उलट्या, फिट येणं, शुद्ध हरपणं, नाकाकानातून पाण्यासारखं किंवा रक्त येणं, टाळू फुगलेली दिसणं, एका बाजूचा हातपाय कमी हलणं, कितीही घेतलं तरी रडं न थांबणं, यातलं काहीही असेल तर फोन करत बसू नका, सरळ हॉस्पिटल. पुढची टाळू साधारण वर्ष ते दीड वर्षात भरते, चिमीची अजून थोडी लागते हाताला, म्हणून मला जास्तच भीती.

त्या रात्री झोप नव्हतीच, मग वाचत बसले. अमेरिकेत 2009 मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला, डोक्याला मार लागून इमर्जन्सीत आलेल्या 42 हजारांहून जास्त मुलांचा, कुठल्या मुलाला सीटी स्कॅन लागणार नाही हे ओळखता यावं म्हणून, कारण उगाच स्कॅन केला तर रेडिएशन पदरी पडतं तेही एवढ्याशा जिवाच्या. त्यात दोन वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळे निकष आहेत. कपाळावरचं टेंगूळ त्यात धोक्याचं धरलेलं नाही, पण डोक्याच्या बाजूला किंवा मागे आलेली सूज धरलीये. तीन फुटांपेक्षा जास्त उंचीवरून पडणं धरलंय. काही सेकंद शुद्ध जाणं धरलंय. आणि एक निकष वाचून मी नवऱ्याला झोपेतून उठवलं, आईवडिलांच्या मते मूल नेहमीसारखं वागत नाहीये, हासुद्धा त्या यादीत आहे! म्हणजे "काहीतरी वेगळं वाटतंय हो डॉक्टर" हे वाक्य मोजलं जातं. फक्त दिवसाचे नऊ तास ते वाक्य म्हणायला मी तिथे नसते, मावशी असतात. त्यांना चिमीचं नेहमीचं वागणं माहीत असणं, म्हणजे रोज तीच मावशी असणं, दर महिन्याला नवीन बाई न येणं, हे मला आता फी आणि एसी आणि इंग्लिश राइम्सपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

दुसरं एक वाचलं ते मात्र बरं वाटायला लावणारं. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत कॅरन अॅडॉल्फ म्हणून बाई आहेत, बाळं चालायला कशी शिकतात यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलंय, त्यांच्या 2012 च्या अभ्यासात 12 ते 19 महिन्यांची मुलं मोकळी खेळताना तासाला सरासरी 2368 पावलं टाकत होती आणि 17 वेळा पडत होती. तासाला 17! मी तो आकडा परत परत बघितला. म्हणजे आमची दिवसभरात किती वेळा पडत असेल आणि उठत असेल, त्यातलं बहुतेक बुडावर धप्पकन बसणं, त्याची ना तिला आठवण ना मावशींना. पाळणाघरात अजिबात पडू देऊ नका असं म्हणणं म्हणजे तिला दिवसभर पाळण्यात नाहीतर खुर्चीत बांधून ठेवा म्हणणं होईल, आणि ते मला कुठल्याही टेंगळापेक्षा वाईट वाटतं.

आता आधीच्या पाळणाघराचं सांगते, नाव घेणार नाही. तिथे आम्ही चिमी नऊ महिन्यांची असताना ठेवलं होतं. एकदा संध्याकाळी आंघोळ घालताना तिच्या डाव्या कानामागे निळसर डाग दिसला, बोट लावलं तर ती एकदम मान चोरायला लागली. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणे घरीच लागलं असेल. मी म्हणलं सकाळी तेल लावलं तेव्हा नव्हता. मग म्हणे दुसऱ्या मुलाने खेळणं मारलं असेल. मग दुपारी फोन करून म्हणे बाबागाडीतून उतरवताना जरा लागलं. एकाच डागाच्या तीन गोष्टी! डाग चार दिवसांत गेला पण त्या तीन गोष्टी गेल्या नाहीत, महिना संपायच्या आत काढलं तिथून. ज्यांना आठवत असेल, 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातलं सीसीटीव्ही फुटेज बाहेर आलं होतं, दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण करतानाचं, तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं तरी ते मला बघवलं नव्हतं. ते ज्यांनी बघितलंय त्या आईबापांनी लेकराच्या अंगावरचा प्रत्येक डाग उजेडात धरून बघितला तर त्यांना संशयी म्हणू नका.

डॉक्टरांना मी तेव्हाच विचारून घेतलं की बाबा कुठला डाग साधा आणि कुठला नाही. चालणाऱ्या मुलाला नडगीवर, गुडघ्यावर, कपाळावर, हनुवटीवर लागतंच, जिथे कातडीखाली लगेच हाड आहे आणि पडल्यावर जे पुढे येतं तिथे. कान, मान, पोट, पाठ, कुल्ले, गालाचा मऊ भाग इथे निळं दिसलं तर विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. आणि जे बाळ अजून पालथंही पडत नाही त्याच्या अंगावर कुठेही निळा डाग असेल तर दाखवाच, कारण ते स्वतः कुठे आपटणार.

माझी आई म्हणते आमच्या वेळी वाड्यात दगडी पायऱ्या होत्या, तुझ्या हनुवटीवरची खूण तिथलीच, टेंगळावर थंड स्टीलची वाटी टेकवायची, "हट् रे जमिनी" म्हणून जमिनीला चापट मारायची, संध्याकाळी मीठमोहरीने दृष्ट काढायची, झालं. ती खोटं बोलत नाही. पण वाड्यात मी पडले तेव्हा आई होती, काकू होती, समोरच्या खोलीतल्या आजी होत्या, निदान तिघींनी बघितलं होतं आणि तिघींनी तेच सांगितलं असतं. दृष्ट तर मीही काढली परवा, न काढून कसं चालेल.

एक गोष्ट मात्र आपण पालकांनी लक्षात ठेवायला हवी असं मला मनापासून वाटतं. मावशींना आपण ओरडलो ना, की पुढच्या वेळी त्या सांगणार नाहीत. दहा पोरांचं हगणंमुतणं, भरवणं, झोपवणं करून ती बाई महिन्याला जे घरी नेते त्यातून एखादा बाप दारात येऊन तावातावाने बोलला, पैसे कापा म्हणाला, तर ती टेंगूळ केसांखाली झाकेल नाहीतर काय करेल. मी परवा संध्याकाळी गेले तेव्हा मावशींचा चेहरा उतरलेला, "ताई, मी इथेच होते हो, दोन हातांवर" असं म्हणाल्या. मी त्यांना म्हणलं मावशी, तुम्ही लगेच फोन करायला लावलात हेच फार मोठं काम केलंत, मोजे मी घातले होते, उद्यापासून आत अनवाणीच राहू दे. त्यांनी मग मला आपण होऊन आणखी सांगितलं की ती हल्ली दाराच्या फटीत बोटं घालते, त्या दाराला काहीतरी लावायला काकूंना सांगा. काकूंनी दुसऱ्या दिवशी दाराच्या कडेला फोम लावला आणि ते टेबल भिंतीपासून हलवलं.

कुणी पाळणाघर शोधत असाल तर खेळणी आणि भिंतीवरची चित्रं बघाच, पण आधी विचारा की मूल पडलं तर लिहून ठेवता का. आमच्याकडे साधी दोनशेपानी वही आहे, तारीख, वेळ, कशावरून, कुठे लागलं, काय लावलं, कोण होतं समोर, आणि खाली न्यायला येणाऱ्याची सही. वॉकर वापरता का हेही विचारा, तो चाकांचा बसायचा. कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली, कारण मुलं त्यातून जिन्यावरून खाली जायची, आपल्याकडे अजून बारशाला सर्रास देतात, आम्हालाही आलेला, वापरला नाही. त्यापेक्षा लाकडी पांगुळगाडा धरून चालू दे, तोही मोठं माणूस जवळ असेल तेव्हाच.

तोंडावर पडलं की रक्त फार दिसतं त्याची धडकी भरते. वरच्या ओठाच्या आतला तो बारीक पडदा फाटला तर तोंडभर रक्त येतं पण स्वच्छ कापड थोडा वेळ बाहेरून दाबून धरलं की बहुतेकदा थांबतं आणि आपोआप भरतं, नाहीच थांबलं तर मात्र डॉक्टर. दुधाचा दात पूर्ण निखळला तर तो परत बसवायला जायचं नाही, खाली पक्का दात तयार होत असतो त्याला इजा होते, दात सापडला तर बरोबर घेऊन डेंटिस्टकडे जायचं, आणि नाही सापडला तर गिळला का श्वासात गेला हे बघावं लागतं. हे मी काकूंना छापून दिलंय, त्यांनी फ्रिजवर लावलंय.

आणि अजून एक लिहून दिलंय, माझ्या आणि नवऱ्याच्या सहीने. मी फोन उचलला नाही तर त्याला लावा, तो नाही तर माझ्या आईला, आणि डोक्याला मार असेल आणि वर लिहिलेल्यातलं काही दिसत असेल तर कुणाचीच वाट बघू नका, 108 ला फोन करा किंवा रिक्षा करून जवळच्या हॉस्पिटलला न्या, पैशाचं नंतर बघू, आम्ही येतोच.