तुम्ही विचारलंत म्हणून: शिक्षकाची सुट्टी आणि वरची कमाई

शेवटचा पेपर तपासून होतो, निकालपत्रकांवर सह्या होतात आणि स्टाफरूममधलं कपाट आवरता आवरता कुणीतरी हळूच विचारतं, "मॅडम, सुट्टीत तुम्ही काय करता? मलाही काही सुचवा ना." विचारणारे बदलतात, प्रश्न तोच असतो. कुणी तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे शाळा बंद की मानधनही बंद. कुणाच्या घराचे हप्ते नुकतेच सुरू झालेत. कुणाचं पगारात भागतं, पण बाजूला काही पडत नाही. मी कपाटापाशी उभ्या उभ्या काहीतरी सांगते आणि घरी जाताना वाटत राहतं की नीट सांगितलंच नाही. म्हणून आज बसून लिहिते आहे.

मी गणित शिकवते. बावीस वर्षं झाली. त्यातल्या बहुतेक सुट्ट्यांत मी काही ना काही काम करून पैसे मिळवले, आणि त्यातली पहिली सुट्टी मी पार वाया घालवली. तिथूनच सुरुवात करते.

त्या वर्षी शिकवणीचे चार गट घेतले. दोन सकाळी, दोन संध्याकाळी. पैसे बरे मिळतील असं वाटलं होतं, कारण मी हिशेब फक्त शिकवण्याच्या तासांचा केला होता. महिनाभराने वहीत खरे तास मांडले तेव्हा कळलं, की साठ मिनिटांच्या एका तासामागे तीस मिनिटं तयारी, पंचवीस मिनिटं वह्या तपासणं आणि वीसेक मिनिटं पालकांशी बोलणं होतं. एका तासाला सव्वादोन तास! म्हणजे ज्या दराचा मला अभिमान वाटत होता, तो प्रत्यक्षात निम्म्याहून कमी होता. शाळा उघडली तेव्हा माझा आवाज बसला होता, आणि नव्या वर्गासमोर मी पहिले पंधरा दिवस घशाला जपत शिकवलं. तेव्हापासून कोणतंही काम घेण्याआधी मी तयारी, प्रवास, तपासणी आणि फोन हे सगळे तास धरून भागाकार करते. तुम्हीही करा. पुष्कळ कामं तिथेच गळून पडतात.

शिकवणी घेऊच नका असं मात्र मी म्हणणार नाही. एकास एक शिकवण्याचा मुलांना फार फायदा होतो. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये लिहिलं होतं, की स्वतंत्र शिक्षक मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या सुमारे ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. पुढच्या संशोधनात हा फायदा त्यापेक्षा बराच कमी दिसला, तरी तो पुष्कळ आहे यावर फारसं दुमत नाही. म्हणून शिकवणी घ्यायचीच असेल तर गट लहान ठेवा, आणि पहिला दिवस शिकवू नका, फक्त तपासा. मूल नेमकं कुठे अडलं आहे ते कळलं की वीस दिवसांत जे होतं, ते सगळा अभ्यासक्रम पुन्हा पहिल्यापासून शिकवून होत नाही. वेळही रोज थोडा थोडा द्या. आठवड्यातून एकदा तीन तास बसवलं तर मूल मधल्या सहा दिवसांत निम्मं विसरून येतं.

पण त्याआधी एक काम करा, आणि ते टाळू नका. तुमच्या नेमणुकीच्या अटी आणि तुमच्याकडचा कायदा वाचा. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ शिक्षकाला खासगी शिकवणी करायला मनाई करतं. दक्षिण कोरियात नोकरीतल्या शिक्षकांना पैसे घेऊन खासगी शिकवता येत नाही. चीनने २०२१ मध्ये शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवरच बंदी घातली. इतर ठिकाणी परवानगी घेऊन काम करता येतं, कुठे काहीच अट नसते. 'सगळेच करतात' या शब्दावर जाऊ नका. चौकशी सुरू झाली की त्यातलं कुणी शेजारी उभं राहत नाही.

आणि नियम काहीही असो, स्वतःच्या वर्गातलं मूल पैसे घेऊन शिकवू नका. ज्या हाताने आपण त्याच्या पेपरवर गुण लिहितो, त्याच हाताने त्याच्या घरून पाकीट घ्यायचं नाही. ते मूल काही बोलणार नाही, पण वर्गातल्या उरलेल्या सगळ्यांना ते दिसतं.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे विकण्यासारखं काय आहे, याचं उत्तर बहुतेक शिक्षक 'माझा विषय' असं देतात. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटायचं. पण विषय पुस्तकात आहे, मोबाइलवर आहे, आणि माझ्यापेक्षा तो जास्त जाणणारे पुष्कळ आहेत. माझ्याजवळ आहे आणि त्यांच्याजवळ नाही अशी एकच गोष्ट आहे: मुलं कुठे चुकतात आणि का चुकतात, हे मला माहीत आहे. ०.५ आणि ०.३५ यांत मोठं कोण, असं विचारलं तर वर्गातली कितीतरी मुलं ०.३५ म्हणतात, कारण ३५ हे ५ पेक्षा मोठे. १/२ आणि १/३ यांची बेरीज ती २/५ करतात. वर वरची बेरीज, खाली खालची. विषयातला जाणकार हे ऐकून चकित होतो. आपण होत नाही. आपण हे दरवर्षी पाहतो आणि त्यावरचा उपाय आपल्याला तोंडपाठ असतो.

ही माहिती विकत घेणारे आहेत, हे मला सातव्या-आठव्या सुट्टीत कळलं. परीक्षा घेणाऱ्या संस्था, सरावपुस्तकांचे प्रकाशक आणि अभ्यासाची ॲप बनवणारे यांना प्रश्न लिहून देणारी माणसं सतत हवी असतात. बहुपर्यायी प्रश्नात बरोबर उत्तर लिहिणं सोपं असतं. अवघड असतात ते तीन चुकीचे पर्याय. एक उदाहरण सांगते. एका वस्तूची किंमत १०० होती, ती २० टक्क्यांनी वाढली आणि मग २० टक्क्यांनी उतरली, तर आता किती? पर्याय १००, १२०, ८० आणि ९६. उत्तर ९६. पण १०० निवडणाऱ्याला वाटतं की वाढ आणि घट एकमेकींना खाऊन टाकतात. १२० वर थांबणाऱ्याने पहिली पायरी केली आणि तेच उत्तर धरलं. ८० म्हणणाऱ्याने वाढीकडे पाहिलंच नाही. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक खरं मूल उभं असतं. वर्गात कधी न गेलेला माणूस तिथे ९५, ९७, ९८ असे आकडे टाकतो. त्या प्रश्नातून मुलाला काय येत नाही हे कधीच कळत नाही.

पहिल्या दिवशी माझे आठच प्रश्न झाले. पुढे दिवसाला वीस-पंचवीस होऊ लागले, तेही घरी बसून, घसा न वापरता. सुट्टीतल्या सगळ्या कामांत मला हे सर्वांत आवडतं. त्याचं कारण पैसा नाही. हे काम केल्यावर माझं स्वतःचं शिकवणं सुधारलं.

यातही ठेच लागली आहे, ती सांगते. एका प्रकाशनाला सगळे प्रश्न आधी दिले आणि करार नंतर करू म्हणाले, तेव्हा मान डोलावली. प्रश्न छापून आले, पैसे आले नाहीत. आता किती प्रश्न, दर काय, किती वेळा दुरुस्ती आणि पैसे कोणत्या तारखेला, हे चार मुद्दे लिखित घेतल्याशिवाय मी पहिली ओळही लिहीत नाही. दुसरी चूक माझीच. एका संचाच्या उत्तरसूचीत माझी तीन उत्तरं चुकली होती. आपलं आपल्याला दिसत नाही. तेव्हापासून प्रत्येक संच मी एका मैत्रिणीकडून सोडवून घेते आणि तिला तिचे पैसे देते.

पेपरतपासणी हा जुना आणि भरवशाचा मार्ग. अमेरिकेत कॉलेज बोर्ड ही संस्था शाळकरी मुलांसाठी कॉलेजच्या पातळीच्या 'एपी' परीक्षा घेते; त्यांचे निबंध आणि लेखी उत्तरं तपासायला दरवर्षी जूनमध्ये हजारो शिक्षक आणि प्राध्यापक बसतात. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाच्या मे महिन्यातल्या परीक्षांचे पेपर जगभरातले परीक्षक आपापल्या घरी पडद्यावर तपासतात, कारण निकाल जुलैच्या सुरुवातीला लागायचे असतात. यासाठी अर्ज सुट्टीत करून चालत नाही, काही महिने आधी करावा लागतो. पैसे फार नसतात. मात्र एकाच प्रश्नाची शेकडो अनोळखी उत्तरं वाचल्यावर चुकांचा जो साठा हाती येतो, तो पुढे प्रश्न लिहिताना कामी येतो. मी पेपरतपासणी त्यासाठीच घेते.

सगळ्यांत जास्त विचारलं जातं ते ऑनलाइन विक्रीबद्दल. सरावपत्रकं विकता येतात. न्यूयॉर्कमधल्या पॉल एडेलमन या शिक्षकाने २००६ मध्ये 'टीचर्स पे टीचर्स' हा शिक्षकांनी शिक्षकांना साहित्य विकण्याचा बाजार सुरू केला, आणि त्या वाटेने पुढे पुष्कळ जण गेले. ध्वनिचित्रफितींचा अभ्यासक्रम करून उडेमीसारख्या अभ्यासक्रम विकणाऱ्या संकेतस्थळावर ठेवता येतो. तिथे विद्यार्थी त्यांच्या बाजारातून आला तर शिक्षकाला ३७ टक्के मिळतात आणि तुमच्या स्वतःच्या कूपनवरून आला तर ९७ टक्के. हे दर बदलतात, नोंदणीच्या दिवशी पुन्हा पाहा. पण या दोन आकड्यांतलं अंतर लक्षात घ्या. खरी किंमत विद्यार्थी आणण्याला आहे. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा मिळायला हजार सदस्य आणि आधीच्या बारा महिन्यांत चार हजार तासांचं पाहणं लागतं (लहान शॉर्ट्ससाठी वेगळा निकष आहे). एका सुट्टीत हे जमेल असं समजून बसू नका. ज्याला याच सुट्टीत हप्ता भरायचा आहे, त्याने यात पडू नये. ज्याला तीन-चार वर्षं धीर धरता येतो, त्याने जरूर पडावं, आणि 'संपूर्ण आठवीचं गणित' करण्याऐवजी 'अपूर्णांकांच्या बेरजेत होणाऱ्या पाच चुका' एवढंच करावं. पहिल्या नावाने शोधणाऱ्यासमोर आधीच शेकडो पर्याय असतात. दुसऱ्या नावाने शोधणारी आई आज संध्याकाळी मुलाजवळ बसलेली असते.

एक सावधगिरी. शाळेच्या नोकरीत, शाळेसाठी तयार केलेलं साहित्य पुष्कळ ठिकाणी कायद्याने शाळेचं असतं. विकायचं ते सुट्टीत, स्वतःच्या संगणकावर, नव्याने करा. मुलांच्या वह्यांचे फोटो त्यात घालू नका, नाव झाकलं असलं तरी नको. अक्षर ओळखू येतं.

भाषेच्या शिक्षकांना मुद्रितशोधन, भाषांतर, उपशीर्षकं, परक्या भाषिकांशी संभाषणाचे तास असं पुष्कळ काम मिळतं. खेळाच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांना शिबिरं असतात. शिबिरात नुसतं मानधन विचारू नका. एका प्रौढामागे किती मुलं, प्रथमोपचाराची सोय आहे का आणि अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, हेही विचारा.

आणि शिकवण्याशी काडीचा संबंध नसलेलं कामसुद्धा चांगलं. माझी एक सहकारी दर सुट्टीत रोपवाटिकेत काम करते. ती म्हणते, झाडांना एकच गोष्ट पाचदा सांगावी लागत नाही. वर्षभर जिचं मन माणसांत गुंतलेलं असतं, तिला हातांचं काम विश्रांतीसारखं वाटतं. दुसऱ्या एकाने सुट्टीत लाकूडकाम शिकून घेतलं, आज तो लोकांची कपाटं दुरुस्त करून देतो. त्यांना कमी पैसे मिळतात का? ताशी हिशेब मांडला तर माझ्या त्या पहिल्या सुट्टीपेक्षा दोघांनाही जास्त मिळतात.

सुट्टीतले किमान दहा दिवस मी कुणालाच विकत नाही, आणि ते दिवस आधी कॅलेंडरवर खुणा करून मगच बाकीचं काम ठरवते. हातात आलेल्या प्रत्येक रकमेतून कराचा भाग त्याच दिवशी वेगळा काढते. तसंच, हे पैसे उशिरा येतात हे धरूनच चालते. सुट्टीत केलेल्या कामाचे पैसे कित्येकदा सहामाही परीक्षेच्या सुमारास जमा होतात. शाळा उघडण्याआधीच्या खर्चाची तजवीज त्यांवर ठेवू नका.

कुठून सुरुवात करू, असंही विचारता. वार्षिक परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे अजून तुमच्या टेबलावर असतील. ते जमा करण्याआधी एक संध्याकाळ काढा, वही उघडा आणि डाव्या बाजूला प्रश्न लिहा, उजव्या बाजूला मुलांनी दिलेली चुकीची उत्तरं. मुलांची नावं लिहू नका. किती जणांनी तीच चूक केली, एवढ्याच रेघा ओढत जा. माझ्याकडे अशा अकरा वह्या आहेत. कुणाला पाहायच्या असतील तर सोमवारी मी स्टाफरूममध्ये दुपारपर्यंत आहे.