पिंगळ्यांच्या पेट्या : एप्रिलपर्यंतची नोंद

निकाल आधी सांगतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांची सुटका. पश्चिम नागपुरातल्या एका जुन्या आवारात निंबावर ढोलीऐवजी टांगलेल्या पेटीत पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडाची, तीन पिल्लं आहेत. त्याच आवारातली दुसरी पेटी साळुंक्यांनी बळकावली. अंबाझरीच्या बाजूच्या पेटीत सातेरी माश्यांनी पोळं धरलंय. कळमन्याच्या गोदामातली गव्हाणी घुबडाची मोठी पेटी अजून रिकामीच.

मापं बरेच जण मागतात, ती अशी. आतून तळ आठ बाय आठ इंच, उंची सोळा, भोक तीन इंची. भोकाची खालची कड तळापासून दहा इंच तरी वर हवी, नाहीतर पिल्लं वेळेआधीच तोंड बाहेर काढतात आणि कावळ्यांना आयतं फावतं. लाकूड लकडगंजातून, पॅकिंगच्या खोक्यांच्या जुन्या चिडाच्या (पाइनच्या) फळ्या, सहा सूत जाडीच्या. सागाचा भाव विचारावा आणि नमस्कार करून पुढं व्हावं. स्वस्तातलं प्लायवूड कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका, एका पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटतात. आतून रंधा मारायचा नाही. उलट भोकाखालच्या फळीवर पटाशीनं आडव्या खाचा पाडायच्या, पिल्लं त्यांत नखं रोवून वर चढतात. घुबड घरटं विणत नाही, उघड्या फळीवर अंडी घरंगळतात, म्हणून तळाला दोन इंच लाकडाचा जाड छिलका पसरायचा. बारीक भुसा नको, तो ओला झाला की गच्च बसतो. तळाला चार भोकं पाणी निथळायला. बाहेर बसायला दांडी लावू नका. पिंगळ्याला तिची गरज नसते, मांजराला मात्र ती सोयीची पडते.

खरा प्रश्न उन्हाचा. बहुतेक पुस्तकांतले नमुने थंड मुलखातले, तिथं पेटी ऊबदार राहावी म्हणून धडपड. आपल्याकडे पिल्लं वाढतात ती नेमकी एप्रिलात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा. म्हणून यंदा दुहेरी छप्पर केलं. खालचं झाकण, त्यावर इंचभर उंचीच्या दोन पट्ट्या, त्यावर चुना फासलेली दुसरी फळी, पुढं चार इंच बाहेर काढलेली. मधून वारा खेळतो. वरच्या कडेला दोन्ही बाजूंना बोटभर फटी. पेटी खोडाच्या पूर्वेला, तोंड ईशान्येकडे, म्हणजे दुपारचं ऊन खोडच अंगावर घेतं. तार सोडायच्या साध्या थर्मामीटरनं दोन रिकाम्या पेट्या एकाच दुपारी तपासल्या. दुहेरी छपराची पेटी एकेरीपेक्षा चार अंशांनी थंड निघाली. पत्र्याचं छप्पर कुणी सुचवलं तर हात जोडा. आमच्या सुतारानं हे सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, “भाऊ, सरळ कूलरच काहून नाही बसवून देत घुबडाले?”

आता बेटांवरच्या घुबडांबद्दल. आपल्यातला कुणी ना कुणी नॉरफॉक बेटाचा दाखला देतोच : “तिथं पेट्या टांगल्या आणि घुबड वाचलं.” एवढं सोपं नव्हतं ते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला सुमारे 1,400 किलोमीटरवर हे बेट, क्षेत्रफळ जेमतेम 35 चौरस किलोमीटर. आपल्या महापालिकेच्या हद्दीत अशी पाच-सहा बेटं मावतील. कुंडीतलं ख्रिसमस ट्री म्हणून आपण घरी आणतो तो नॉरफॉक पाइन तिथलाच. शेती आणि कुरणांसाठी जंगल तुटलं, ढोली असलेली जुनी झाडं गेली, आणि 1986 साली तिथल्या बूबुक घुबडाची एकच मादी उरल्याचं दिसलं. एकच! पेट्या लावल्या, पण नर कुठून आणायचा? 1987 मध्ये न्यूझीलंडहून तिच्या जवळच्या उपजातीचे दोन नर आणून सोडले. त्यातला एक दिसेनासा झाला, दुसऱ्याशी तिची जोडी जमली आणि 1989 मध्ये पिल्लं झाली. आज बेटावर आहेत ती सगळी घुबडं त्या एका मादीचा वंश.

मला महत्त्वाचा वाटतो तो यापुढचा भाग. संख्या काही डझनांपर्यंत पोचली, आणि मग गेल्या दशकात कित्येक वर्षं पिल्लंच उडेनात. पेट्या होत्या, जोड्याही होत्या. 2020 च्या सुमारास पुन्हा पिल्लं दिसली तेव्हा तिथल्या लोकांचा जीव भांड्यात पडला. एवढ्या जवळच्या रक्ताच्या पाखरांत प्रजनन रखडण्याची भीती असतेच, शिवाय बाहेरून आलेले उंदीर, ढोल्या अडवणारे लाल रोझेला पोपट आणि माश्या. म्हणजे तिथंही ढोलीवरून मारामारी तीच, जी माझ्या साळुंक्या आणि सातेरी माश्यांची चालते. म्हणून पेट्या किती टांगल्या हा आकडा मला कुणी सांगू नये. पिल्लं किती उडाली ते सांगा.

होक्काइडोचं उदाहरण जास्त सरळ आहे. ब्लॅकिस्टन मत्स्यघुबड हे जगातलं सगळ्यांत मोठं घुबड. त्याला माणूस आत बसेल एवढी ढोली लागते आणि तसली झाडं तोडली गेली होती. जपानी लोकांनी मोठाल्या पेट्या चढवल्या, नद्यांत मासे कमी पडतात तिथं मासे पुरवले, आणि शंभराच्या आत आलेली संख्या वर सरकली. जागेची टंचाई हीच मुख्य अडचण असते तिथं पेटी अशी कामाला येते. उलट अंदमान-निकोबारच्या घुबडांसाठी पेट्या पाठवू या असं कुणी म्हटलं तर माझं उत्तर नाही असंच असेल. तिथं अजून ढोल्यांची झाडं उभी आहेत, ती उभी राहिली तरी पुरे. मेळघाटातल्या रानपिंगळ्याचंही तेच. शंभराहून अधिक वर्षं हरवलेला हा पक्षी 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. त्याला हवीत ती जुनी सागाची नि इतर पोकळ झाडं, माझं चिडाचं खोकं नव्हे. नागपुरात मात्र रस्ते रुंद होताना पोकळ म्हणून आधी तोडली जातात तीच झाडं पिंगळ्याची असतात. इथं पेटीला अर्थ आहे.

साळुंक्यांवर उपाय करतोय. त्या काड्या भरायला लागल्या की पहिल्या आठवड्यातच काड्या काढायच्या. अंडी दिसली की हात लावायचा नाही, तो हंगाम त्यांचा. माश्यांच्या पेटीला मी हात लावणार नाही. पोळं रिकामं झालं की भोकाच्या आतल्या बाजूला साबण चोळून बघेन, कुणी करून पाहिलं असेल तर कळवा.

पिल्लांची पेटी मी काठीला बांधलेल्या छोट्या कॅमेऱ्यानं बघतो, तीही आईबाप संध्याकाळी बाहेर पडल्यावर आणि क्वचितच. अंडी उबवण पहिल्या अंड्यापासूनच सुरू होत असल्यानं तिन्ही पिल्लं वेगवेगळ्या आकाराची आहेत. मोठं धाकट्याच्या दीडपट दिसतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. झाडाखाली पडलेली ओकारीची गोळी (न पचलेली हाडं-कवचं घुबड अशी गोळी करून ओकतं) मी बशीत पाणी घालून चिमट्यानं सोडवली. भुंग्यांच्या पंखांची काळी चकचकीत कवचं ढिगानं, पालीच्या पाठीचे मणके, आणि उंदराचा खालचा जबडा, त्यावरचे दात चक्क नारिंगी. उंदराचे पटाशीचे दात तसेच असतात, पण हातात घेतल्याशिवाय पटत नाही.

आवारातल्या काकूंनी पहिल्या दिवशी मला चांगलंच फैलावर घेतलं होतं : “बाप्पा! घुबडाले घरी काहून बोलावून राहिले तुम्ही?” तो जबडा त्यांना दाखवला. काकूंच्या कणगीला उंदरांचा फार त्रास. आता त्याच अंधार पडला की फोन करतात : “आज एकच बसला आहे तारेवर, दुसरा कुठं गेला?”

कळमन्याच्या धान्यवाल्यांना पटवावं लागलं नाही. गव्हाणी घुबड उंदीर खातं हे त्यांना पोत्यांवरून कळतं, वर लक्ष्मीचं वाहन. दोन फुटी पेटी आढ्याखाली बसवून दिली. खाली शिट पडलेली दिसते, म्हणजे घुबड येऊन जातं. गव्हाणी वर्षात कधीही अंडी घालते, तेव्हा पाहू.

पुढचं काम : पिल्लं उडाली की पेटी उतरवून छिलका बदलायचा, चुना पुन्हा मारायचा, पावसाळा संपताना बिजागऱ्यांना तेल. नव्या पेट्या ऑक्टोबरअखेर झाडावर हव्यात, कारण थंडी सुरू झाली की जोड्या ढोल्या हुडकतात. आणि फोटो टाकताना आवार, फाटक, रस्ता काही दिसू देऊ नका, दिवाळीच्या आधी तर मुळीच नाही. घुबडं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित असली तरी त्या दिवसांत जादूटोण्यासाठी ती पकडणारे फिरत असतात, आणि आपण टांगलेली पेटी त्यांना झाडाच्या ढोलीपेक्षा लवकर सापडते.